पदरात बांधलेली सुपारी
बायको गेल्यावर तिची पेटी उघडली, तर जुन्या पातळाच्या पदराच्या गाठीत एक अख्खी सुपारी निघाली. पाहताच ओळखली. आमची पोरगी दहावीत होती तेव्हाची. आर्णीकडचं स्थळ आलं होतं, शेती चांगली, मी शब्द देऊन बसलो होतो. ओसरीत सतरंजीवर पाहुणे, ताटात कुंकू, सुपारी अन् अडकित्ता. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. तेवढ्यात बायको चुलीपुढून उठून आली, ताटातली सुपारी उचलली अन् सरळ पदरात बांधली. मी म्हटलं, "पाहुण्यांपुढं शोभते काय हे?" ती म्हणाली, "सोळाव्या वर्षी मी बाळंतीण झाली. आठ दिवसांत लेकरू गेलं. तुमी त्याले हातात तरी घेतलं काय?" मग नवऱ्यामुलाकडं वळली, "तुले लेकरू सांभाळता येते काय रे बाप्पा?" पोट्टा खाली मान घालून बोलला, "नाही मावशी. मले आत्ता लग्नच नाही पाहिजे. बाबाले सांगाची हिंमत नव्हती." पाहुणे चहा न पिता गेले. मी महिनाभर बायकोशी बोललो नाही. त्या पहिल्या लेकराच्या वेळी मी वीस वर्षांचा होतो, त्याला धरायला भ्यालो होतो, हेही तिला सांगितलं नाही. पोरगी शिकून नर्स झाली, मग पंचविशीत तिचं लग्न केलं. आज तिची दोन महिन्यांची लेक माझ्या मांडीवर झोपली आहे, जावई दोरीवर लंगोट वाळत घालतो आहे. सुपारी मी परत त्याच गाठीत बांधली. बाई, तुझे लई उपकार झाले.