गाईच्या सायीचा रंग

प्रामाणिक माणसाने घराला सायीचा रंग लावू नये, अशा मताला मी आलो आहे.

मी नगरला एका सरकारी गोदामाचा स्टोअरकीपर. संशय हा आमच्या नोकरीचाच भाग! खिळेसुद्धा मी वजन करून देई. (घरी साखरेच्या डब्याला कुलूप लावतो, ही मात्र सासुरवाडीने पिकवलेली कंडी.) सावेडीत आम्ही दोन खोल्या बांधल्या तेव्हा आजूबाजूला बाजरी होती, आणि जी काही घरं होती त्यांच्या भिंती निळ्या नाहीतर पोपटी. बायकोला हवा होता ऊबदार, पण डोळ्यांत न खुपणारा रंग. "म्हशीच्या नव्हे, गाईच्या सायीसारखा," असं तिने रंगारी रशीदभाईंना बजावलं. आमच्या दशरथ गवळ्याच्या दुधाला साय येते यावरच माझा विश्वास नव्हता. रशीदभाईंनी मात्र मान डोलावली, भिंतीवर दोन-तीन पट्टे ओढले आणि ओला रंग बघू नका, वाळल्यावर बघा, असं सांगितलं.

ओला एक आणि वाळल्यावर दुसरा, म्हणजे यात काहीतरी गोम आहे, हे मी ताडलं. रजा टाकली. डिस्टेंपरचे डबे स्वतः दुकानातून आणले, तेही सायकलवर पोत्याखाली झाकून, कारण शेजाऱ्यांनी आमचा रंग उचलला तर? मग रशीदभाईंच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसलो. ते जेवायला गेले की मी डब्यावर झाकण ठेवून त्यावर बसे. (एक लेंगा त्यातच गेला.)

रंग मात्र सुरेख लागला. संध्याकाळी दिवा लावला की खोली अशी निवांत दिसे की मला खरोखर आनंद झाला. तो फार दिवस टिकला नाही.

कारण दशरथचं दूध आमच्या कचेरीतल्या चहालाही जाई. एका सकाळी तो दारातून आत डोकावला आणि दूध मापायचं विसरून भिंतीकडे बघत राहिला.

"सायेब, कचेरीला परवा ह्योच रंग दिलाय की!"

मी उडवून लावलं. कचेरीला रंग असतो एवढंच मला ठाऊक होतं. कोणता, ते कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. तोच! तोही गाईच्याच सायीचा! रशीदभाई माझं काम संपवून सरळ कचेरीच्या कामावर गेले होते.

दशरथ पडला दारोदार दूध घालणारा माणूस. स्टोअरकीपरने सरकारी रंग पळवला, ही बातमी दिवस मावळायच्या आत सावेडीभर झाली. पोत्याखाली झाकून डबे आणताना बघणारेही निघाले. रंग उरला असेल तर आमच्या गोठ्याचं बघा, असं दशरथने डोळा मिचकावून सुचवलं. पण खरा घाव घरातून बसला.

"अहो, खरं सांगा," बायको हळूच म्हणाली, "डबे दुकानातूनच आणले ना?"

मला रडू यायचंच बाकी राहिलं. नोकरीत मी एकच गोष्ट कमावली होती, ती म्हणजे नाव; आणि तेच आता जायला निघालं होतं.

रविवारी कचेरीतले साहेब 'सहज' चहाला आले. भिंतीकडे बघण्यात त्यांचा चहा निवून गेला. मी रशीदभाईंना आधीच बोलावून ठेवलं होतं. सरकारी रंग माझ्या घरात आला का, ते साहेबांसमोर सांगा, म्हणालो.

"तिकडून इकडं थेंब न्हाई आला सायेब," रशीदभाई म्हणाले. "इकडून तिकडं गेला. कचेरीला येका भिंतीपुरता रंग कमी पडनार हुता, आन् यांचा येक डबा उरला हुता. म्हटलं, घर बी यांचंच, कचेरी बी यांचीच."

"भरलेला डबा?" मी ताडकन उठलो. "अहो, मी इथंच बसलो होतो!"

"व्हय की. सायकलला बांधताना दोरी तुमीच धरल्ती."

आठवलं. रिकामा समजून धरली होती. (घरात अडगळ नको, घेऊन जा, हा आग्रहही माझाच.)

साहेब हसले असते तरी चाललं असतं. ते हसले नाहीत. माझ्या प्रामाणिकपणाकडे त्यानंतर कुणी बोट दाखवलं नाही. गोदामाची किल्ली मात्र सोमवारपासून साहेबांनी स्वतःकडे ठेवली.