साळवे सरांची वाटी

साळवे सर परराष्ट्र धोरण शिकवायला वर्गात स्टीलची वाटी घेऊन येत. ती टेबलावर ठेवून म्हणत, "शेजाऱ्याकडनं आलेली वाटी रिकामी परत जात न्हाई. मोठ्या देशानं आधी वाटी पाठवावी, डोळे वटारायचं मग बघता येतंय." लातूरच्या त्या कॉलेजात मी त्यांच्या हाताखाली नवा प्राध्यापक होतो. मला हे सगळं भाबडं वाटे.

आपल्या सरकारच्या शिष्यवृत्तीवर बांगलादेशातून तन्वीर शिकायला आला, तेव्हा सरांना आभाळ ठेंगणं झालं. सरांच्या घरी वहिनींनी कुटलेली शेंगदाण्याची चटणी त्याच वाटीतून वसतिगृहात जाऊ लागली. तोही वाटीत चार बत्तासे का होईना, घालून परत करी. प्रजासत्ताक दिनाला सरांनी त्याला व्यासपीठावर उभं केलं, "ह्यो बांगलादेशचा, आपल्या सरकारचा पाहुणा हाय," असं माइकवरून सांगितलं आणि फोटो हौसेनं व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. फोटो गावभर फिरला. पाहुणा हा शब्द वाटेतच गळाला आणि कॉलेजात बांगलादेशी घुसलाय, एवढंच उरलं.

त्याच आठवड्यात भरदुपारी जमाव वसतिगृहात शिरला. तन्वीरला केसांना धरून जिन्यावरून खाली ओढलं. आम्ही पोचेपर्यंत एकाची काठी त्याच्या डोळ्यात बसली होती. सर त्याच्या अंगावर पालथे पडले. "त्याला न्हाई, मला मारा. त्याला म्या मिरवलंय." मी एकाची कॉलर धरली, तर माझे दोन दात पडले. "सर, बाजूला व्हा," असं अदबीनं म्हणत ज्यानं सरांच्या बरगड्यांवर हॉकी स्टिक घातली, तो आमचाच जुना विद्यार्थी होता. हाड मोडल्याचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्या पोराचा मला आजही संताप येतो.

तन्वीरचा डावा डोळा गेला. त्याला मायदेशी पाठवलं. सामानात वाटीही गेली. सर अंथरुणावरून उठलेच नाहीत. "पोराला मिरवायला नको हुतं," एवढंच म्हणत राहिले आणि पावसाळ्याच्या आत गेले.

काही महिन्यांनी पार्सल आलं. वाटीत खजुराचा गूळ होता, तन्वीरच्या आईनं पाठवलेला. वहिनी वाटी मांडीवर घेऊन रडल्या. "तिच्या लेकाचा डोळा घेतला आपण, भाऊजी. आन् तिनं गूळ पाठवला."

मग उठल्या, वाटी धुतली, चटणीनं भरली आणि माझ्या हातात दिली.

"हॉस्टेलात नेपाळची पोरगी आलीय म्हणत होता ना तुम्ही? नेऊन द्या. कुणाला सांगत मात्र बसू नका."