आत्याच्या पोटातलं जुनं दुखणं

आत्याचा विम्याचा दावा फेटाळला गेला तो माझ्या एका विनोदामुळे. विनोद तसा बरा होता. मला तो अजूनही बरा वाटतो, पण घरात तसं म्हणायची सोय राहिलेली नाही.

आत्याच्या पोटात अधूनमधून कळा येत होत्या. एका सकाळी ती उभीच राहीना, तेव्हा मी तिला गाडीत घालून मोठ्या रस्त्यावरच्या नव्या हॉस्पिटलात नेलं. आपोआप उघडणारं काचेचं दार, आत गारेगार हवा आणि काउंटरवर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली मुलगी. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "पॉलिसी आहे का?"

आत्या काउंटरची कड धरून उभी होती. "आधी कुठं दुखतंय ते विचार की गं."

"ते डॉक्टर विचारतील, मॅडम. मी पॉलिसीचं बघते."

आत्यानं तिच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती माझ्या चांगली ओळखीची आहे. आत्या सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर होती. निवृत्त झाली, तरी समोरचा माणूस विनातिकीट आहे असं धरूनच ती बोलायला सुरुवात करते. गल्लीत तिला तिकीटआत्या म्हणतात. दूधवाला माप मारतो, घड्याळवाला जुनाच सेल पुसून बसवतो आणि मी कॉलेजच्या नावाखाली भलतीकडेच जात होतो, हे तिचे कायमचे संशय. तिसरा खरा होता, त्यामुळे पहिल्या दोनांवरही माझा विश्वास आहे.

आत एक शिकाऊ डॉक्टर बसला होता, माझ्याच वयाचा. डोळे संगणकावर, बोटं कीबोर्डवर आणि लक्ष बहुतेक जेवणाच्या डब्यात. आत्याला पलंगावर झोपवून मधे पडदा ओढला होता. त्यानं मान वर न करता मला विचारलं, "पेशंटच्या पोटात कधीपासून दुखतंय?"

असा फुलटॉस कोण सोडेल? मी म्हणालो, "आत्याच्या पोटात ना? माझ्या आईबाबांचं लग्न झालं तेव्हापासून. पंचवीस वर्षं झाली."

पडद्याआडून आत्या म्हणाली, "कार्ट्या."

डॉक्टर हसला. हसता हसता त्यानं टाइप केलं. काय टाइप केलं ते वाकून बघायचं मला सुचलं नाही. आत्याला सुचलं असतं, पण ती आडवी होती.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. मग मोठे सर्जन आले. त्यांनी दारातूनच फिल्म उजेडात धरली आणि म्हणाले, "पित्ताशय सुजलंय. उद्या सकाळी काढून टाकू. थांबलो तर फुटू शकतं." आत्याची रवानगी वरच्या मजल्यावरच्या खोलीत झाली. खोलीत एक टीव्ही, एक छोटा फ्रिज आणि दोन सोफे.

"पेशंट एक, सोफे दोन," आत्या नर्सला म्हणाली. "कुणासाठी?"

"तुमच्या पॉलिसीत बसतं ते."

"सोफा बसतो?"

त्यानंतर आत येणाऱ्या प्रत्येकाला आत्या हात आडवा करून थांबवायला लागली. हे इंजेक्शन कसलं, कुणी सांगितलं, मघाशी दिलं त्याचं काय झालं. नर्स वैतागली. "आजी, जरा विश्वास ठेवा आमच्यावर."

"आजी कुणाला म्हणतेस? आणि विश्वासावर बस चालवली असती, तर डिझेलचे पैसे निघाले नसते."

संध्याकाळी मला खाली विमा कक्षात बोलावलं. तिथल्या माणसानं संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला. "कंपनीनं नामंजूर केलंय. पॉलिसी घेऊन झाली दोन-अडीच वर्षं आणि पोटदुखी पंचवीस वर्षांची. तुम्ही जुना आजार लपवलात."

पडद्यावर माझा विनोद इंग्रजीत होऊन पडला होता. भाषांतरात हसू गळालं होतं, आकडा मात्र शाबूत होता.

मी धावत शिकाऊ डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, "एकदा सिस्टीममध्ये गेलं की मला बदलता येत नाही."

"अरे, पण तो विनोद होता. तू हसलास."

"हसलो. पण त्याला वेगळा रकाना नाही."

पैसे भरून ऑपरेशन करायचं, तर आत्याला निवृत्तीला मिळालेले बहुतेक सगळे पैसे काढावे लागणार होते. ती एकटीच राहते, त्यावरच तिचं चालतं. मी तोंड पाडून वर आलो, तर सर्जन माझ्या आधीच तिथं पोचले होते. या खेपेला आवाज मऊ होता. "सूज तशी फार नाही. गोळ्यांवर थांबता येईल. घाईचं काही कारण नाही."

"सकाळी फुटणार होतं," आत्या म्हणाली, "ते संध्याकाळी टिकाऊ कसं झालं?"

"औषधाला चांगला प्रतिसाद देताय तुम्ही."

आत्यानं वर टांगलेल्या सलाइनकडे बोट केलं. "औषध अजून बाटलीतच आहे."

आम्ही कंपनीकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी कंपनीचा चौकशीवाला आला. तोवर दोन्ही सोफे गेले होते आणि आत्या खालच्या जनरल वॉर्डात होती. शेजारी आई डबा उघडत बसली होती. तिला मी फक्त 'काहीतरी घोळ झालाय' एवढंच सांगितलं होतं. घोळात तिचंही नाव आहे, हे तिला अजून माहीत नव्हतं.

चौकशीवाला किडकिडीत होता, मांडीवर बॅग आणि खिशाला दोन पेनं. आत्यानं हात पुढे केला. "ओळखपत्र."

त्यानं दिलं. आत्यानं ते उलटंपालटं केलं, फोटोची कड नखानं उचकटून बघितली. "फोटोत मिशी आहे."

"काढली."

"का?"

त्यानं ओळखपत्र परत घेऊन खिशात घातलं. पण तोही कच्चा नव्हता. आत्या बोलत असताना त्यानं उशीखालच्या गोळ्यांची नावं वाचून घेतली. मला वाटलं, दोन तिकीट तपासनीस एकाच बसमध्ये चढलेत.

"पंचवीस वर्षांपासून पोटात दुखतं, अशी नोंद आहे," तो म्हणाला.

मी घसा साफ केला. "साहेब, ते बोलण्यातलं आहे. पोटात दुखतं म्हणजे... हेवा वाटतो."

"कुणाचा?"

मी छतावरच्या पंख्याकडे बघत "वहिनीचा" म्हणालो आणि बोट तेवढं आईकडे केलं. डब्याच्या झाकणावरचा आईचा हात तिथंच थांबला.

"मॅडम, तुम्हाला तुमच्या वहिनींचा हेवा वाटतो का?"

"मला? हिचा?" आत्या हसली. "हिच्यात हेवा वाटण्यासारखं आहे काय?"

चौकशीवाल्यानं लिहायला सुरुवात केली. "म्हणजे हेवा नाही. म्हणजे दुखणं खरोखर पोटातलंच."

हो म्हटलं तर आत्या वहिनीपुढे हरत होती आणि नाही म्हटलं तर कंपनी जिंकत होती. आत्या खिडकीबाहेर बघत बसली. तिचं ठरलेलं दिसत होतं. पैसे गेले तरी चालतील, पण हे नाही.

"लिहा साहेब," आई म्हणाली. "हेवा वाटतो. मशीनचा."

"वहिनी, त्याचं नाव काढू नकोस."

"काढणार, वन्सं. कधीतरी काढायलाच हवं होतं." आई चौकशीवाल्याकडे वळली. "आमच्या ह्यांनी बहिणीला शिलाई मशीन कबूल केलं होतं. घेतलंही. आणि लग्नात दिलं मला. मला हे फार उशिरा कळलं. तोवर घरातले पडदे शिवून झाले होते."

आत्या उठून बसली. सलाइनची नळी ताणली गेली. "निळं होतं ते. रंग मी निवडला होता. दुकानात जाऊन चाक फिरवून बघितलं होतं मी. आणि दादा म्हणतो, नव्या नवरीला काय द्यावं सुचत नाही, हेच देतो, तुला पुढच्या वर्षी घेऊ. आणि तू काय शिवलंस त्यावर? पडदे. तेही एका बाजूनं आखूड."

"आखूड नाहीत."

"आहेत. मी येते तेव्हा दर वेळी बघते." आत्याचा आवाज खाली आला. "मी शिवणकाम करणार होते. घरबसल्या. मशीन गेलं म्हणून बसमध्ये शिरले."

हे आईलाही माहीत नव्हतं. तिनं डब्याचं झाकण उगाचच परत लावलं. शेजारच्या पलंगावरच्या बाईनं रेडिओचा आवाज कमी केला.

चौकशीवाला हळूच म्हणाला, "म्हणजे ते पडदे बघितले की दर वेळी पोटात दुखतं?"

"पोटात नाही हो." आत्यानं छातीवर हात ठेवला. "इथं दुखतं."

मी झडप घालून त्याचं पेन धरलं. "साहेब, हे लिहू नका."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला. हसताना तो काय लिहितोय, यावर या वेळी मी नीट नजर ठेवली.

पुढं त्यानं आत्याच्या डेपोतून दरवर्षीच्या तपासणीचे कागद मागवले. त्यात पोटाची तक्रार कुठंच नव्हती. काही दिवसांनी मंजुरी आली आणि तासाभरात सर्जनही आले. "उद्या सकाळीच उरकू. आता थांबणं बरं नाही."

आत्यानं पलंगाखालच्या चपला पायात सरकवल्या. "हे पित्ताशय माझं आहे की कंपनीचं? मंजुरी आली की सुजतं, गेली की ओसरतं."

तिथून ती मला घेऊन थेट सरकारी दवाखान्यात गेली. बाकाचा रंग उडालेला, रांग दाराबाहेर. आमचा नंबर लागला तेव्हा आतल्या डॉक्टरीणबाईंनी आत्याला झोपवलं, श्वास घ्यायला सांगितला आणि बरगडीखाली हातानं दाबून बघितलं. इतक्या दिवसांत आत्याच्या पोटाला डॉक्टरचा हात पहिल्यांदा लागला. त्या म्हणाल्या, "खडे काढायला हवेत. आज रात्री नाही, पण वर्षभर लांबवूही नका. या महिन्यात करून घ्या. मधे ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर लगेच या."

बाहेर आल्यावर आत्यानं केसपेपर दोन्ही बाजूंनी वाचून बघितला. मग म्हणाली, "तिनं पॉलिसीचं विचारलंच नाही. तिचा यात फायदा काय असेल?"

ऑपरेशन शेवटी त्या काचेच्या हॉस्पिटलातच झालं, कारण मंजुरी तिथलीच होती. पण तारीख आत्यानं दिली. शुद्धीवर आल्यावर नर्सनं तिला बाटलीत खडे दाखवले. आत्यानं बाटली उजेडात धरली. "हे माझेच कशावरून?" कंपनीनं जवळपास सगळं बिल भरलं, हातमोजे तेवढे सोडून. ते पॉलिसीत बसत नाहीत म्हणे.

राहिलं ते मशीन. आई वॉर्डातच म्हणाली होती, "घरी आलात की घेऊन जा, वन्सं. तुमचंच आहे." पोचवायचं काम माझ्याकडे, कारण बोललो मी होतो. आत्यानं खिडकीजवळची जागा रिकामी करून ठेवली आहे. मशीन मात्र अजून आमच्याकडेच आहे. आधी त्याचा पट्टा तुटला होता. तो बसवून आणला, तर आई म्हणाली, देण्याआधी पडद्यांना खाली पट्टी जोडून घेते, आखूड म्हणून परत बोलणी कोण खाणार. त्यासाठीचं निळं कापड काही तिच्या मनासारखं मिळत नाहीये. या विषयावर मी आता तोंड उघडत नाही.

आत्या दर रविवारी येते. पडद्यांकडे बघते, मशीनवरचं कापड उचलून ते जागेवर असल्याची खात्री करते आणि माझ्यासमोर हात पसरते, अगदी तिकिटाला पसरायची तसाच.

"मशीन?"

"पुढच्या आठवड्यात, आत्या."