काचपट्टीवरचा माणूस

आमच्या ताईच्या जिभेला हाड नाही. हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये तीस वर्षं ती माणसांच्या शरीराचे तुकडे मेणात बसवून कागदाहून पातळ कापते आहे. चरबी कापणं सगळ्यात अवघड, सुरीखाली फाटते. ताईच्या हातून मात्र निमूट निघते. घरी तिची सुरी माझ्यावर. "खा अजून! साखर काय आभाळातून पडली?"

डॉक्टरांनी इन्सुलिन घ्यायला सांगून चार महिने झाले होते. पायाची जखम भरत नव्हती, पाय जाईल म्हणाले. पण सुई घेणं म्हणजे आपल्याच हाताने 'खादाड' असा शिक्का मारून घेणं. मी नाही म्हणजे नाहीच! मध्यंतरी तिच्याच हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पोटातली थोडी चरबी संशोधनासाठी मागितली. म्हटलं, घ्या की, पोतंभर घ्या. ताईला बोललो नाही, टोमणा ठरलेलाच होता.

परवा जखम दाखवून, फाइल हातात घेऊन, तिला आणायला लॅबमध्ये गेलो. ती मायक्रोस्कोपवर वाकली होती.

"ये, बघ. हे मोठे गोल म्हणजे चरबीच्या पेशी. फुगून फुगून काही मेल्या. भोवती ठिपके जमलेत ना, ते शरीराचे राखणदार. साफसफाईला आले आणि तिथेच ठाण मांडून बसले. त्यांच्यातून जी रसायनं सुटतात, त्यांनी बाकीच्या पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. करायला गेले एक अन् झालं भलतंच!" मग आवाज उतरला. "बिचारा रे. आतून किती सोसतोय हा माणूस, आणि घरचे म्हणत असतील, खातो म्हणून झालं."

असा आवाज तिने माझ्यासाठी कधी काढला नव्हता. काचपट्टीवर नाव नव्हतं, नुसता नंबर. तो मला ओळखीचा वाटला. फाइलमधला, चरबी देताना सही केलेला संमतीचा कागद काढून मी काचेशेजारी ठेवला; त्यावर तोच नंबर होता.

"ताई, तो मीच."

"चल, काहीतरीच!" म्हणत तिने नंबर दोनदा वाचला. मग स्टुलावर बसली.

"खाणंही होतंच रे," ती म्हणाली. "पण सगळं तुझ्याच माथी मारलं मी. चुकलं माझं."

मला रडूच फुटलं. पन्नाशीचा बाप्या, भर लॅबमध्ये!

"उद्यापासून सुई घेतो," मी म्हटलं. "पण टोचायची तू."

"उद्या कशाला? आज!" ती खेकसली, आणि इन्सुलिन आणायला निघण्यासाठी डोळे पुसत पर्स शोधू लागली.