पहिल्या विषयाचा चहा

मुलांनो, आमच्या कॉलेजच्या सभा विभागात सीमेकडच्या वळसंग गावचे एक कारकून आहेत. सभेत ते पेनाचं टोपण कधी काढत नाहीत, कारण सभेचं इतिवृत्त त्यांनी आदल्या दिवशीच टाइप केलेलं असतं.

गेल्या वर्षी विद्या परिषदेत कन्नड विभाग बंद करण्याचा ठराव आला. तिथे कंत्राटावर एकच बाई शिकवत. मी एकटीने विरोध केला आणि तो नोंदवायला सांगितलं. तो कागदावर आला, तरच बाईंना वर दाद मागता येणार होती. इतिवृत्त घरी आलं, त्यात होतं, ‘एकमताने मंजूर.’

मी कारकुनांना फोन केला.

“म्याडम, पुढच्या सभेत पहिलाच विषय इतिवृत्त कायम करायचा असतोय की. तवा बोला. मी कोन बदलनार?”

पुढच्या सभेत प्राचार्यांनी पहिला विषय वाचला आणि कारकून चहाचा ट्रे घेऊन आत आले. दर सभेला चहा याच वेळी येतो, हे मला तेव्हा प्रथमच जाणवलं. ते थेट माझ्यापाशी आले.

“बिनसाखरेचा हाय, म्याडम. खास तुमचा. लई गरम हाय, जपून.”

मी दोन्ही हातांनी कप धरला.

“कायम?” प्राचार्यांनी विचारलं.

“कायम,” सगळे म्हणाले.

मला बोलता आलं असतं. मी चहावर फुंकर घालत राहिले.

बाहेर बाकावर कन्नडच्या बाई वाट पाहत होत्या. दार उघडंच होतं. कारकुनांनी त्यांनाही चहा दिला आणि हळू आवाजात कन्नडमधून काहीतरी सांगितलं; त्यातलं ‘म्याडम’ आणि ‘कायम’ एवढंच मला कळलं. बाईंनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.