भुंग्याचा पोचा

आमच्या घरात घड्याळाला कोणी घड्याळ म्हणत नसे. भुंगा म्हणत. "भुंग्याले चावी देल्ली काय?" "पाय बरं, भुंग्यात किती वाजले." बाबांनी असं म्हटलं की चुलीपुढून मायचं एक लांबलचक "हंऽऽ" ऐकू येई. त्या एका हंमध्ये किती शिव्या गिळलेल्या असत, ते आम्हा भावंडांना बरोबर कळायचं.

घड्याळ खिशातलं होतं, चांदीच्या डबीचं, साखळीवालं. वाशीम स्टेशनावरच्या एका म्हाताऱ्या बाबूकडे बाबा पोरवयापासून आमच्या मळ्यातली वांगी आणि मेथी पोचवत. बदली होऊन जाताना त्या बाबूनं ते घड्याळ काढून बाबांच्या हातावर ठेवलं. डबीच्या पाठीवर कधीकाळी वेलबुट्टी कोरलेली असावी. मला आठवतं तेव्हापासून ती झिजून सपाट झाली होती, कडेला एखाददुसरं पान तेवढं उरलं होतं. आणि मधोमध होता एक पोचा. बाबांचा अंगठा त्यात नेमका बसे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं, पाऊस लांबला, सोयरा वाकडं बोलला, की बाबांचा हात बंडीच्या खिशात जाई आणि अंगठा पोच्यात. मग ते शांतपणे उत्तर देत.

पोचा मायनं पाडलेला होता. ती रिठदकडची. तिच्या माहेरच्या गावात घड्याळ नावाची वस्तू तेव्हा कोणी पाहिलेली नव्हती. लग्न होऊन थोडे दिवस झाले होते, घरी पाहुणे होते आणि नवी सून पुरणपोळ्या लाटत होती. शेजारच्या खांबाला बाबांची बंडी टांगलेली. बंडीतून टिकटिक, टिकटिक. मायला वाटलं, लाकूड पोखरणारा भुंगा बंडीत शिरला. हातात लाटणं होतंच. तिनं नेम धरून असा काही तडाखा दिला की खांब हादरला. वर ओसरीवरच्या पाहुण्यांना ऐकू जाईल असं सांगितलंही, "भुंगा होता! मारला म्या!"

बाबांनी उठून बंडीतून घड्याळ काढलं, कानाला लावलं आणि म्हणाले, "मेला नाई वो अजून."

ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की मी पाळण्यात असतानाच पाठ केली असेन. जावई आला, सांगा. पटवारी चहाला बसला, सांगा. माय तेवढ्यापुरती उठून गोठ्यात निघून जाई.

माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं ते वऱ्हाड प्रांत नुकताच मुंबई राज्यात गेला त्यानंतरच्या उन्हाळ्यात. मी सासरहून, नाशकाकडून, महिनाभर आधीच येऊन बसले होते. भाऊ मॅट्रिक होऊन कचेरीत लागला होता आणि घड्याळ आता त्याला द्यायचं असं बाबांनी जाहीर केलं. भावानं ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"बाबा, हा पोचा काढून आणू. मांडवात लोकं पायतीन."

"पायतीन तर पायतीन. पोचा काढला तर घड्याळात राह्यलं काय?"

"घड्याळ राह्यते ना!"

"तसे बाजारात गंज भेटतात, पायजे तेवढे," बाबा म्हणाले.

एरवी गोठा गाठणारी माय त्या दिवशी हलली नाही. पदर खोचून मधे आली. "दर लग्नाले देव उजळून आणता का नाई? देवाचं नाक झिजलं, डोळे झिजले, तर सोनार नवे काढून देते. तरी देव तोच राह्यते. मंग घड्याळाचा पोचा काहून काढू नये?"

हा मुद्दा बिनतोड होता. लग्नाआधी देव्हाऱ्यातले चांदीचे टाक, म्हणजे देवांचे ठसे असलेले ते छोटे पत्रे, सोनाराकडे नेऊन उजळून आणायचे, ही आमच्याकडची रीत. रोज हळदीकुंकवानं आणि पुसण्यानं खंडोबाचा घोडा कोणता आणि देवीचा हात कोणता हे कळेनासं झालेलं असतं. सोनार सगळं पुन्हा ठसठशीत करून देतो आणि कोणी म्हणत नाही की हे आमचे देव नव्हेत. बाबांनी भावाच्या हातून घड्याळ काढून घेतलं, अंगठा पोच्यात बसवला. मग म्हणाले, "देवाले कोनी लाटण्यानं मारलं नोतं."

भाऊ खो खो हसला. मीही हसले, काय करणार! माय तडक गोठ्यात गेली.

देव सोनाराकडे नेण्याचा मान घरच्या लेकीचा. लाल फडक्यात तांदूळ, त्यात देव, वर गाठ. वाटेत पुडकं जमिनीवर टेकवायचं नाही आणि सोनाराशिवाय कोणी सोडायचं नाही. मायनं ते बांधून माझ्या ओटीत दिलं आणि गाडीत माझ्या शेजारी बसली. गाडीवान पुढे बैलांशी गप्पा मारत होता. मळ्याचं कुंपण मागे पडलं आणि मला पोटाशी काहीतरी जाणवलं. मी पुडकं उचलून कानाला लावलं. देव टिकटिक करत होते.

"माय!"

"चूप बस. देवाचं काम हाये."

"देवाचं कायचं? बाबा तिकडे सारा मळा पालथा घालतीन!"

मी संतापलेच होते. आमच्या घरात राग मला वाटून मिळालेला आहे, तो मी कधी शिळा होऊ दिला नाही. गाडी वळवायला सांगते म्हटलं. तेव्हा माय रस्त्याकडे पाहत म्हणाली, "सून येऊन राह्यली घरात. पयल्याच दिवशी तुहे बाबा तिच्यापुढं भुंगा-भुंगा करतीन. साऱ्या गावानं हासून घेतलं, मी काई बोलली काय? पण माह्या सुनेनं मले हासावं? मंग तिले मी काय शिकवू अन् कोन्या तोंडानं?"

माझा राग तिथेच बसला. कारण मी सासरी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "भाजीवर सांबार टाकू का?" आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. तिकडे त्यांना ऐकू आलं सांबर. त्यानंतर माझे दीर ताटावर बसले की न चुकता म्हणत, "वहिनी, शिंगं काढून टाकलीत ना?" अजून म्हणतात. नव्या घरातली पहिली फजिती कशी चिकटते ते मला मायनं समजावून सांगायची गरज नव्हती. मी पुडकं घट्ट धरलं आणि गाडी वाशीमला गेली.

सोनारानं फडकं सोडलं आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "हा कोनता देव वाढवला, बाई?"

"पोचा काढून टाका," माय म्हणाली. "अन् घासून-पुसून नव्यासारखं करा."

घरी बाबांनी खरंच मळा पालथा घातला होता. वांग्याच्या वाफ्यात बसून ते पानं बाजूला करत होते. भावावर संशय घेऊन झाला, माकडावर घेऊन झाला. मायला विचारलं तर ती म्हणाली, "असन कुठंतरी, जाते कुठं?" आणि देव्हाऱ्याच्या रिकाम्या जागेला नमस्कार केला.

दोन-चार दिवसांनी देव डफडं वाजवत घरी आले. दारात पायांवर पाणी घातलं, ओवाळलं, आणि बाबांनी देव्हाऱ्यापुढे बसून गाठ सोडली. खंडोबाला मिशा आल्या होत्या. देवीचे डोळे इतके मोठे झाले होते की शेजारची म्हातारी घाबरून मागे सरली. आणि देवांच्या मधोमध घड्याळ. आरशासारखं गुळगुळीत. पोचा गेला होता आणि कडेचं ते एखाददुसरं पानही गेलं होतं.

बाबांनी ते उचललं. कानाला लावलं. अंगठा सवयीनं पाठीवर गेला आणि घसरून खाली आला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला.

"छान झालं," बाबा म्हणाले.

मी चरकले. बाबांनी जन्मात कशाला छान म्हटलेलं नव्हतं. जेवण झक्क झालं तर ते "बरं हाये" म्हणत.

त्या दिवसापासून ते घड्याळाला घड्याळ म्हणू लागले. "घड्याळात किती वाजले?" अगदी शाळामास्तरासारखं. पाहुणे येत होते, मांडवाच्या बल्ल्या रोवल्या जात होत्या, पण गोष्ट कोणाला सांगितली गेली नाही. मायला हवं होतं ते सगळं मिळालं. पण चुलीपुढून हं म्हणायला तिला कारणच राहिलं नाही. ती उगाच मधूनमधून विचारी, "अवो, किती वाजले?" बाबा नीट, मिनिटांसकट सांगत. ती तोंड पाडून भाकरी थापत बसे. मला बाबांचा राग येत होता आणि मायची कीव येत होती, आणि मग उलटंही.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही बायका पुरणपोळ्या लाटत होतो. खांबाला बाबांची बंडी होती. बाबा मांडवात आचाऱ्याशी वाद घालत होते. मायनं लाटता लाटता एकदम हात थांबवला. बंडीकडे पाहिलं. पोळपाट बाजूला सारला, उठली, आणि काय होतंय हे आम्हाला कळायच्या आत लाटण्याचा एक सणसणीत तडाखा.

सगळं घर धावत आलं. बाबा सर्वांत पुढे.

"काय झालं?"

माय पिठाचे हात झटकत होती. "भुंगा होता," ती म्हणाली.

बाबांनी बंडीत हात घातला. गुळगुळीत पाठीवर चांगला खोल पोचा पडला होता, जुन्याच्या जागेपासून जरासा बाजूला. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. भावानं तर डोक्याला हात लावला होता.

"मेला नाई वो अजून," बाबा म्हणाले आणि खांबाला धरून इतके हसले की डोळ्यांना पाणी आलं. माय आधी रागावून पाहत होती, मग तीही तोंडाला पदर लावून हसायला लागली. मला रडू आलं. आनंदानंच, पण चांगलं हुंदके देऊन आलं.

"हे आता अस्सल राह्यलं काय?" भाऊ चिडून म्हणाला. "जुना पोचा गेला, हा तर डुप्लिकेट!"

"डुप्लिकेट कायचा? हात तोच, लाटनं तेच," बाबा म्हणाले. "निरा अस्सल हाये."

भावानं ते घड्याळ काही घेतलं नाही. त्याला सासरहून मनगटी मिळालं आणि तो खूश झाला. भुंगा बाबांच्याच बंडीत राहिला. जरा बाजूच्या पोच्याची सवय व्हायला अंगठ्याला थोडे दिवस लागले.

नवी सून आली. शिरपूरकडची, डोळ्यांनी सगळं टिपणारी. मी सासरी परतायच्या आधीची सकाळ. बाबा ओसरीवर घड्याळ काढून चावी देत होते, अंगठा आपल्या जागी. ती चहा ठेवायला गेली आणि तिनं विचारलंच, "मामाजी, हा पोचा कायचा?"

बाबांनी तोंड उघडलं. मग मायकडे पाहिलं आणि मिटलं. चहा उचलला आणि छताच्या बल्ल्या मोजल्यासारखं वर पाहत राहिले. असं त्यांनी पूर्वी कधीच केलं नव्हतं. मी मायकडे पाहिलं. आता ही उठून गोठ्यात जाणार, असं मला वाटलं.

माय तिथेच बसली. सुनेला तिनं हाताला धरून जवळ बसवलं.

"म्या मारला," ती म्हणाली. "दोनदा. पयल्यांदा समजलं नोतं म्हून. अन् दुसऱ्यांदा समजलं म्हून."