खुंटीवरचा बिल्ला

"लांबूनच बरं, गुरुजी," असं म्हणून तो दोन्ही हात पाठीमागे घ्यायचा. समोर प्रसाद धरा, तंबाखू धरा, नाहीतर त्याचीच दोन वर्षांची सुमी धरा. हात मागे ते मागेच. पोलादपुरात लोक म्हणायचे, याला विलायतेचं वारं लागलंय. तुम्हीही म्हणाला असता. मी तर तोंडावर म्हणालो होतो.

आंबेनळीच्या पायथ्याशी त्याची वाडी. सुमी पोटात असताना तो बोटीवर बॉयलरात कोळसा टाकणारा आगवाला म्हणून गेला, विलायतेत उतरला आणि तिथल्या एका अणुभट्टीच्या कारखान्यात मजुरीला लागला. एके दिवशी भट्टीला आतून आग लागली. इंधनाच्या तापलेल्या सळ्या लोखंडी पाइपांनी बाहेर ढकलायला जी माणसं लावली, त्यांत हा. घरी परतला तो निम्मा होऊन.

"भाईर आल्यावर कापडं काडली, बुरसानं घासलं," तो सांगायचा. "सायब म्हनला, कुनाला शिवू नको."

"अरे, पण किती दिवस?"

"त्ये सांगायचं ऱ्हायलं त्याचं. बिल्ला बघून कळवतो म्हनला."

हा बिल्ला म्हणजे छातीला लावायची फिल्मची डबी. अंगाला किरण किती लागले, ते तिच्यावर उमटतं. ते माप कळलं की सुमीला उचलायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तोवर पोरगी अंगणात खेळायची आणि हा बांधावर उकिडवा बसून बघायचा. बायको चिडायची, रडायची. तो ढिम्म.

इंग्रजी येणारा म्हणून पत्रं मी लिहिली. पाच लिहिली. उत्तर एकाचंही नाही. त्या लोकांनी तेवढ्यात बाकी सगळं केलं होतं. चौकशी समिती बसवली, आजूबाजूच्या गायींचं दूध तपासून ओतून दिलं, कुणालाही इजा नाही म्हणून पेपरात छापून आणलं.

"दुधाची इचारपूस झाली, गुरुजी," तो हसून म्हणायचा. हसताना हिरड्यांतून रक्त दिसायचं.

शेवटी एकदा दुपारच्या एसटीनं लिफाफा आला. मी तो घेऊन तडक वाडीवर गेलो आणि अंगणात उभ्या उभ्याच मराठी करून वाचला. 'आपल्या बिल्ल्यावर किरणांचं प्रमाण नगण्य आढळलं. काळजीचं कारण नाही. भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही.'

"अरे, सुटलास की लेका!" मी ओरडलोच. "उचल पोरीला!"

बायकोनं सुमीला पुढे केलं. त्याचे हात पाठीमागून निघाले, पुढे आले. ते हात पुढे आलेले मी पहिल्यांदाच पाहत होतो. आणि मध्येच थांबले.

"गुरुजी, बिल्ला तर खुंटीला व्हता."

हे त्यानं मला पूर्वीच सांगितलं होतं, तेही मोठ्या अभिमानानं. भट्टीजवळ अंग भाजत होतं म्हणून त्यानं बिल्ल्यासकट सदरा काढला आणि बाहेर दारामागच्या खुंटीला नीट अडकवला. सायबाची वस्तू, जळली बिळली तर? तेव्हा मी हसलो होतो.

"ह्ये माप खुंटीचं," तो म्हणाला. "खुंटी बरी हाय म्हनायची." हात पुन्हा मागे गेले.

खरा प्रकार मी त्याच दिवशी लिहून कळवला. उत्तर आलं, 'नोंदीत असा उल्लेख नाही.'

तो खंगत गेला. त्याला तपासणाऱ्या महाडच्या डॉक्टरांनी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं. वर्षभरानं मला महाडला बोलावून ते म्हणाले, "गुरुजी, आंघोळ घातली तिथंच शिवाशिवीचं भय संपलं. आतला आजार शिवून लागत नाही. पहिल्या दिवसापासून त्यानं पोरीला घेतलं असतं तरी चाललं असतं."

एक ओळ! एवढी एक ओळ त्या समितीला लिहिता येऊ नये? संताप संताप झाला माझा. मिळेल त्या एसटीनं पोलादपूर गाठलं आणि तिथून वाडीपर्यंत अक्षरशः धावलो.

अंगणात माणसं जमली होती. त्याला बाहेर आणून ठेवलं होतं, हात दोन्ही बाजूंना मोकळे.

"सुमे, ये गो, बाच्या तोंडात पानी घाल," एक म्हातारी म्हणाली.

सुमी तेव्हा चार वर्षांची. ती चार पावलं पुढे आली, थांबली आणि दोन्ही हात तिनं पाठीमागे घेतले.

"लांबूनच बरं," ती म्हणाली.